सर्व्हरची खबर देणारा छोटा एपीआय: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात सर्व्हर म्हणजे काही काचेच्या खोलीतलं डेटा सेंटर नसतं. सोसायटीच्या मॅनेजरच्या केबिनमागे, वाचनालयाच्या कपाटाशेजारी, नाहीतर उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीच्या ऑफिसात टेबलाखाली ठेवलेली एक मशीन असते. शेजारी यूपीएस, वर धूळ खात बसलेला राउटर. ती सांभाळायला ‘कॉम्प्युटरमधलं कळणारं’ एक पोरगं असतं आणि त्याच्या मागे दुसरी दहा कामं असतात. हा लेख त्याच्यासाठी आहे. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजात शिकणाऱ्या कुणाला मिनी प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर त्यालाही चालेल.

शाखेतून फोन येतो, “ओ सर, सिस्टीम उघडेना झालीय. तिकडं लाईट हाय न्हवं?” फोन करणाऱ्यानं बरोबर जागी बोट ठेवलेलं असतं. सिस्टीम न उघडण्याची कारणं बहुतेक वेळा चारांपैकी एक असतात: लाईट गेली, नेट गेलं, डिस्क भरली, किंवा मशीन चालू आहे पण तिच्यावरचा प्रोग्रॅम अडकला. प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि कुणाला फोन करायचा तेही वेगळं. कारण कोणतं हे घरबसल्या कळावं, म्हणून आपण एक छोटा एपीआय लिहिणार आहोत. रंगीत आलेखांचा डॅशबोर्ड करायचा मोह आत्ता बाजूला ठेवा.

एपीआय म्हणजे इथं एवढंच: ठरलेल्या पत्त्यावर एचटीटीपीनं विचारणा केली की सर्व्हर आपली सध्याची अवस्था जेसन स्वरूपात परत पाठवतो. जेसन माणसालाही वाचता येतं, प्रोग्रॅमलाही. मशीनवर लिनक्स आहे आणि तुम्हाला थोडंफार पायथन येतं असं मी धरून चालतो. आज्ञांची, फायलींची नावं इथं देवनागरीत आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा.

पायरी पहिली: कोड लिहिण्याआधी आकडे हातानं बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग आपल्याच एपीआयनं दिलेल्या आकड्याचा अर्थ त्यांना लावता येत नाही. त्यामुळं इथं जरा थांबू.

लिनक्समध्ये मुळाशी ‘प्रॉक’ नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या फायली डिस्कवर नसतात. तुम्ही उघडता त्या क्षणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या तयार करून देतो. ‘कॅट’ आज्ञा वापरून त्यातली ‘अपटाइम’ फाईल उघडा. दोन आकडे दिसतील. पहिला म्हणजे मशीन चालू होऊन किती सेकंद झाले. समजा तो ३५१७३५ आहे, तर ४ दिवस, १ तास, ४२ मिनिटं आणि १५ सेकंद झाले. दुसरा आकडा म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोअर मिळून किती सेकंद रिकामे बसले. चार कोअर असतील तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

अपटाइम हा दिसायला साधा, पण आपल्याकडे फार कामाचा आकडा. काल रात्री तो चार दिवस होता आणि आज सकाळी चाळीस मिनिटं असेल, तर रात्रीत मशीन बंद होऊन पुन्हा चालू झाली. म्हणजे बहुधा यूपीएस पुरला नाही. ही गोष्ट शाखेतलं कुणी सांगणार नाही, कारण त्यांनी ऑफिस उघडलं तेव्हा सगळं सुरळीत होतं.

आता ‘लोडॲव्हरेज’ फाईल. पहिले तीन आकडे म्हणजे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा लोड. चौथ्या जागी तिरकी रेघ घालून दोन आकडे असतात: या क्षणी धावणारी कामं आणि एकूण कामं. पाचवा म्हणजे सगळ्यात शेवटी जन्मलेल्या प्रोसेसचा क्रमांक. लोड २ म्हणजे जास्त की कमी, हे कोअर किती त्यावर ठरतं. ‘एनप्रॉक’ आज्ञा कोअरची संख्या सांगते. चार कोअरच्या मशीनवर लोड ४ म्हणजे चारही हात गुंतलेले. एका कोअरच्या मशीनवर तोच ४ म्हणजे तीन कामं दाराबाहेर ताटकळत उभी.

एक मेख लक्षात ठेवा. लिनक्सचा लोड फक्त प्रोसेसरची वाट बघणारी कामं मोजत नाही, डिस्कची वाट बघत अडकलेलीही मोजतो. त्यामुळं प्रोसेसर निवांत आणि लोड १२, असं चित्र दिसलं तर संशय डिस्कवर घ्या. जुनी हार्ड डिस्क मरायला टेकली की बऱ्याचदा पहिली चाहूल इथंच लागते.

मेमरीसाठी ‘मेमइन्फो’ फाईल. इथं नवखा हमखास ‘मेमफ्री’ बघतो आणि हादरतो: ८ जीबीच्या मशीनवर जेमतेम ३०० एमबी शिल्लक! प्रत्यक्षात लिनक्स रिकामी मेमरी फुकट ठेवत नाही, वाचलेल्या फायली तिच्यात साठवून ठेवतो आणि गरज पडली की लगेच सोडतो. तुम्हाला हवी ती ओळ ‘मेमअव्हेलेबल’. ही ओळ २०१४ साली कर्नलच्या ३.१४ आवृत्तीपासून आली, त्यामुळं आजच्या कुठल्याही मशीनवर ती असणारच. एपीआयमध्ये हीच द्या. ‘फ्री’ दिलात तर रोज कुणीतरी रॅम वाढवायचा सल्ला देईल.

डिस्कसाठी ‘डीएफ’ आज्ञा. ईएक्सटी४ फाईलसिस्टीम डिफॉल्टनं ५ टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते. १ टीबीच्या डिस्कवर ती सुमारे ५० जीबी होते. म्हणून एकूणमधून वापरलेली वजा केली की जे उत्तर येतं ते आणि ‘उपलब्ध’ जागा जुळत नाही. तुमच्या प्रोग्रॅमला मिळणारी जागा म्हणजे ‘उपलब्ध’. शिवाय ‘डीएफ’ला आय हा पर्याय जोडून एकदा आयनोड बघा, म्हणजे प्रत्येक फाईलीमागे एक लागणारी नोंद; त्यांची संख्या ठरलेली असते. लाखो बारीक फायली साठल्या तर जागा असूनही नवी फाईल बनत नाही. पावत्यांचे स्कॅन साठवणाऱ्या ऑफिसात हे घडू शकतं.

पायरी दुसरी: काय सांगायचं ते कागदावर ठरवा

निकष एकच ठेवा: हा आकडा बिघडला तर मी काय करणार? उत्तर सुचत नसेल तर तो आकडा घेऊ नका. माझी यादी अशी असते: अपटाइम, कोअरच्या संख्येसह लोड, उपलब्ध मेमरी, डिस्कची उपलब्ध जागा, वीज आहे की बॅटरी, डेटाबेस उत्तर देतो का, आणि शेवटचा बॅकअप किती तासांपूर्वीचा.

शेवटचा मुद्दा सर्व्हरच्या ‘अवस्थेत’ मोडत नाही असं कुणी म्हणेल. म्हणू दे. सोसायटीची मशीन जळाली तर नवी दोन दिवसांत येते. ठेवीदारांच्या नोंदी येत नाहीत. बॅकअपच्या फोल्डरातली सगळ्यात नवी फाईल शोधा, तिची बदलाची वेळ आणि आकार दोन्ही द्या. आकार का? कारण रोज रात्री दोनला नेमानं बनणारी शून्य बाइटची फाईलसुद्धा ‘ताजी’च असते.

पायरी तिसरी: पायथन, फ्लास्क, पीएसयूटिल

डेबियन १२ किंवा अलीकडच्या उबुंटूवर थेट ‘पिप’ चालवलंत तर वातावरण बाहेरून सांभाळलं जातंय अशा अर्थाची चूक दाखवून ते थांबतं. ते बरोबरच आहे. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) बनवा आणि त्यात तीन गोष्टी बसवा: फ्लास्क, पीएसयूटिल, गुनिकॉर्न. फ्लास्क एचटीटीपीचं काम बघतं. पीएसयूटिल वर पाहिलेल्या प्रॉक फायली वाचून नीट आकडे देतं आणि विंडोजवरही चालतं. गुनिकॉर्न कशाला, ते पुढं येईल.

फ्लास्कमध्ये एक फंक्शन लिहा आणि त्याला एक पत्ता जोडा, उदाहरणार्थ ‘एपीआय, व्ही१, स्टेटस’. ‘व्ही१’ पहिल्या दिवसापासून ठेवा. उद्या उत्तराचा साचा बदलला तरी जुनं विचारणारं कोलमडत नाही. फंक्शनच्या आत पीएसयूटिलकडून आभासी मेमरी, डिस्क वापर, लोड आणि बूट वेळ मागा, सगळं एका डिक्शनरीत भरा आणि परत करा. फ्लास्क डिक्शनरीचं जेसन स्वतःच करून देतं. एवढ्यावर एपीआय झाला.

यात ठेच लागते ती प्रोसेसरच्या टक्केवारीत. ‘सीपीयू पर्सेंट’ला अवधी न देता पहिल्यांदा बोलावलं की ते ०.० देतं, कारण टक्केवारी हा दोन क्षणांमधला फरक असतो आणि पहिल्या वेळी मागचा क्षणच नसतो. अर्ध्या सेकंदाचा अवधी द्या. तेवढा वेळ ते थांबतं आणि खरा आकडा आणतं. किंवा टक्केवारी सोडून द्या, लोड पुरतो. मी सोडूनच देतो.

दुसरी काळजी: आपला एपीआय स्वतः अडकता कामा नये. डेटाबेसला विचारताना ‘सिलेक्ट १’ एवढीच क्वेरी टाका आणि तिला दोन सेकंदांची मुदत द्या. मुदतीत उत्तर नाही आलं तर ‘डेटाबेस: उत्तर नाही’ असं लिहून पुढं चला. दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून जोडलेलं असेल तर त्याची जागा या फंक्शनमध्ये मोजू नका. पलीकडची मशीन गेली तर मोजणी तिथंच लटकते आणि बरा असलेला सर्व्हरही मेल्यासारखा दिसतो.

पायरी चौथी: उत्तराचा साचा

कंस आणि अवतरणचिन्हं काढून दाखवायचं तर उत्तर असं दिसावं:

स्थिती: सावध
वेळ: २०२५-०७-१४, ०९:१२:०५, +०५:३०
अपटाइम_सेकंद: २४६०
लोड_१_मिनिट: ०.४२
कोअर: ४
मेमरी_उपलब्ध_एमबी: ५४८०
डिस्क_उपलब्ध_जीबी: ३८
वीज: लाईन
डेटाबेस: ठीक
बॅकअप_तास: ३१
कारणं: बॅकअप जुना

एकक नावातच आहे ते बघा. नुसतं ‘मेमरी: ५४८०’ लिहिलं तर सहा महिन्यांनी तुम्हालाच एमबी की केबी आठवणार नाही. वेळेला +०५:३० जोडलेलं असू द्या. क्लाउडवरची मशीन बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) चालते आणि साडेपाच तासांचा घोळ शोधण्यात अख्खी दुपार जाते. ‘कारणं’ ही यादी सगळ्यात जास्त वाचली जाते. वरच्या उदाहरणात अपटाइम ४१ मिनिटं आणि बॅकअप ३१ तासांचा. दोन्ही एकत्र वाचलं की लगेच कळतं: रात्री मशीन बंद होती, म्हणून बॅकअप झालाच नाही.

एचटीटीपीचा स्टेटस कोडही खरा द्या. सगळं ठीक किंवा सावध असेल तर २००. डेटाबेस बंद असेल, म्हणजे लोकांचं काम होणारच नसेल, तर ५०३. आत ‘बिघाड’ लिहून वर २०० पाठवणारे एपीआय मी बरेच बघितलेत. पाळत ठेवणारी बहुतेक साधनं आधी कोड बघतात. त्यांच्या लेखी मग सगळं आलबेल. उत्तरासोबत ‘कॅश कंट्रोल: नो स्टोअर’ हा हेडरही (उत्तराला जोडलेली सूचना) लावा, नाहीतर मधला एखादा प्रॉक्सी कालचं शिळं उत्तर देऊन मोकळा होईल.

शक्य तर दोन पत्ते ठेवा. एक ‘हेल्थ’, जो नुसतं ‘आहे’ म्हणतो आणि कुठल्याच गोष्टीला हात लावत नाही. दुसरा वरचा सविस्तर ‘स्टेटस’. पहिला उत्तर देतो आणि दुसरा देत नाही, हीसुद्धा एक माहितीच झाली.

मराठी आणि कन्नड

आपल्याकडचा खास प्रश्न. निपाणीच्या शाखेत मराठी वाचणारा क्लार्क, बैलहोंगलच्या शाखेत कन्नड वाचणारा. वाक्यं एपीआयच्या पोटात कोंबू नका. वर मी वाचायला सोपं जावं म्हणून मराठी शब्द घातलेत. प्रत्यक्षात ‘कारणं’मध्ये ठरलेले छोटे सांकेतिक शब्द ठेवा आणि त्यांची मराठी, कन्नड वाक्यं वेगळ्या फाईलीत. विचारणारा ‘ॲक्सेप्ट लँग्वेज’ हेडरमध्ये एमआर किंवा केएन पाठवेल, त्याप्रमाणे वाक्य निवडा. इशाऱ्याचे प्रोग्रॅम मात्र सांकेतिक शब्दच बघतील, म्हणजे कुणी वाक्यातली वेलांटी सुधारली तरी इशारे बंद पडणार नाहीत.

देवनागरी मजकूर पाठवला आणि ब्राउझरमध्ये उलट्या तिरक्या रेघा व आकड्यांची जंत्री दिसली तर ते काही बिघडलेलं नाही. पायथन जेसन बनवताना आस्कीबाहेरची (मूळ इंग्रजी अक्षरसंचाबाहेरची) अक्षरं सांकेतिक रूपात लिहितं. फ्लास्कच्या जेसन सेटिंगमध्ये ‘एन्शुअर आस्की’ बंद केलं की अक्षरं अक्षरांसारखी दिसतात. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच ठेवा. पायथन ‘४२’चं संख्येत रूपांतर आनंदानं करतं, जेसनच्या नियमांत देवनागरी अंक संख्या म्हणून बसत नाही.

एसएमएसनं इशारा द्यायचा असेल तर हिशेब ध्यानात घ्या: इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठी किंवा कन्नडमध्ये ७०. काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळं एक वाक्यसुद्धा सहज बाहेर सांडतं. त्यात भारतात असे एसएमएस पाठवायला टेम्प्लेटची नोंदणी लागते. छोट्या संस्थेला टेलिग्रामचा बॉट सोपा पडतो.

पायरी पाचवी: कुलूप

फ्लास्क मुळात १२७.०.०.१ वर ऐकतं, म्हणजे फक्त त्याच मशीनवरून विचारता येतं. ‘बाहेरून दिसत नाही’ म्हणून लोक ते ०.०.०.० (कुठल्याही मशीनवरून विचारता येईल असं) करतात आणि विसरतात. तसं करू नका. पुढं एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा, एचटीटीपीएस त्याच्याकडे द्या आणि तोच आतल्या एपीआयकडे विचारणा पोचवील.

टोकन, म्हणजे विचारणाऱ्याची ओळख पटवणारी गुप्त खूण, हवंच. पायथनच्या ‘सीक्रेट्स’ मॉड्यूलमधून ३२ बाइटचं यादृच्छिक टोकन घ्या, ते कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाईलीत ठेवा आणि त्या फाईलीची परवानगी ६०० करा, म्हणजे ती फक्त तिच्या मालकालाच वाचता येईल. विचारणाऱ्यानं टोकन ‘ऑथरायझेशन’ हेडरमध्ये पाठवावं, पत्त्याच्या शेपटीला जोडून नव्हे. पत्ते लॉगमध्ये उमटतात आणि लॉग कुणीही चाळतं. टोकन नसेल किंवा चुकीचं असेल तर ४०१. एकाच ठिकाणाहून मिनिटाला शेकडो विचारणा आल्या तर एन्जिनएक्सकडून ४२९. आणि उत्तरात कर्नलची आवृत्ती, युजरची नावं, चालू प्रोग्रॅमची यादी देऊ नका. तुम्हाला ती गरजेची नाही, घुसायला बघणाऱ्याला आहे.

पायरी सहावी: कायमचं चालू ठेवणं

फ्लास्क नुसतं चालवलं की ते स्वतःच बजावतं, हा विकासासाठीचा सर्व्हर आहे, खऱ्या कामाला वापरू नका. म्हणून गुनिकॉर्न, पायथनचे वेब प्रोग्रॅम खऱ्या कामात चालवणारा सर्व्हर. ते डिफॉल्टनं १२७.०.०.१ च्या ८००० पोर्टवर बसतं, जे आपल्याला हवंच आहे. सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेची) एक सर्व्हिस फाईल लिहा, तिच्यात वेगळा साधा युजर द्या, पडलं तर पुन्हा उठायची सूचना द्या आणि सर्व्हिस ‘इनेबल’ करा. ‘स्टार्ट’ केलं आणि ‘इनेबल’ राहिलं, तर पुढच्या रीबूटनंतर एपीआय गायब.

लाईट

जूनपासून कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस कोसळायला लागला की खानापूर तालुक्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळं ‘वीज’ या ओळीवर मेहनत घ्या.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर नेटवर्क यूपीएस टूल्स हे मुक्त सॉफ्टवेअर बसवा. त्याची ‘यूपीएससी’ आज्ञा बॅटरीची टक्केवारी आणि स्थिती सांगते: ओएल म्हणजे लाईनवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आलीय. एलबी आलं की मशीन शहाण्यासारखी बंद व्हावी हेही त्यातच लावता येतं.

स्वस्तातल्या यूपीएसला पोर्ट नसतं. मग एक उपाय: जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरा. पीएसयूटिलचं ‘सेन्सर्स बॅटरी’ फंक्शन चार्जर जोडलेला आहे की नाही ते सांगतं. चार्जर यूपीएसवर न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. लाईट गेली की ‘जोडलेला नाही’ असं उत्तर येतं. डेस्कटॉपवर हेच फंक्शन ‘नन’ देतं, तेव्हा कोडमध्ये त्याची सोय ठेवा.

राउटर आणि फायबरचा डबा यूपीएसवर आहे का, ते स्वतः जाऊन बघा. सर्व्हर बॅटरीवर तासभर मजेत चालतो आणि राउटर पहिल्या सेकंदाला मरतो, म्हणजे खबर द्यायला तोंड असून वाट नाही. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सोय असते, ती लावा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल जुना असेल तर तोही बदला. तो संपला की प्रत्येक वीजबंदीनंतर घड्याळ भलत्याच सालात जातं, एचटीटीपीएस नाकारलं जातं आणि ‘वेळ’ ओळ खोटं बोलते. वेळेचा विभाग आशिया/कोलकाता ठेवा आणि घड्याळ इंटरनेटवरून जुळवणं चालू आहे ना ते ‘टाइमडेटसीटीएल’नं तपासा.

पायरी सातवी: विचारणारा बाहेर बसवा

इथंच सगळ्याचं मर्म आहे. सर्व्हर मेला तर एपीआय ‘मी मेलो’ म्हणून सांगणार नाही. म्हणून विचारणारा दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या नेटवर आणि शक्यतो दुसऱ्या गावात हवा. शहापूरचा सर्व्हर आणि त्याच्यावर नजर ठेवणारा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर दोन्ही त्याच गल्लीत ठेवले तर लाईट दोघांची एकदमच जाणार. बेळगावच्या मशीननं निपाणीवर आणि निपाणीच्या मशीननं बेळगाववर नजर ठेवावी, हे चांगलं जमतं.

विचारायला ‘कर्ल’ पुरतं, म्हणजे पत्त्याला एचटीटीपीनं हाक मारणारी आज्ञा. मिनिटाला एकदा, पाच सेकंदांची मुदत लावून. ‘एफ’ हा पर्याय दिला की ४०० आणि त्यावरचे कोड अपयश धरले जातात. कर्ल संपताना एक क्रमांक मागे ठेवतं आणि त्यातच निदान असतं. ६ म्हणजे पत्त्याचं नावच उलगडलं नाही. आधी स्वतःचं नेट तपासा. ७ म्हणजे जोडणी झाली नाही. बहुधा मशीन जिवंत आहे पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, म्हणजे एन्जिनएक्स पडलंय. २८ म्हणजे मुदत संपली, पलीकडून काहीच आलं नाही. लाईट किंवा नेट. २२ म्हणजे उत्तर आलं पण ५०३ वगैरे; मशीन ठीक, काम अडलंय. शाखेला काय सांगायचं ते या चार आकड्यांवर ठरतं.

इशारा द्यायच्या आधी नजर ठेवणाऱ्या मशीननं एखाद्या तिसऱ्या, कायम चालू असणाऱ्या पत्त्याला हाक मारावी. तीही लागली नाही तर आपलंच नेट गेलंय, गप्प बसावं.

आता अडचण. आपल्या भागातल्या बऱ्याच ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतो. एकाच आयपीमागे अनेक गिऱ्हाईकं असतात. मग बाहेरून आत हाक जाऊच शकत नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा. अशा वेळी दिशा उलटी करा. सर्व्हरनंच दर मिनिटाला आपलं ‘स्टेटस’ बाहेरच्या एका स्वस्त व्हीपीएसवर (भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरवर) पोस्ट करावं, ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनमधून किंवा सिस्टमडी टायमरमधून. व्हीपीएसवरचा प्रोग्रॅम फक्त शेवटची खबर कधी आली ते लक्षात ठेवतो आणि पाच मिनिटं काही आलं नाही की ओरडतो. यात एक तोटा आहे: गप्प होण्यामागे लाईट की नेट हे वेगळं कळत नाही. पण शेवटच्या खबरेत ‘वीज: बॅटरी’ असं असेल तर तर्क करायला फार डोकं लागत नाही. बाहेरून आत जाणं गरजेचंच असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा आहे. २०२० मधल्या ५.६ आवृत्तीपासून तो लिनक्स कर्नलमध्येच आहे.

इशारे

एका चुकलेल्या हाकेवर कुणाला झोपेतून उठवू नका. सलग तीन वेळा चुकली तर इशारा, आणि परत चालू झालं की तेही कळवा. डिस्क ८० टक्के भरली की सावध, ९० ला बिघाड. लोड कोअरच्या दुपटीवर पंधरा मिनिटं टिकला तर सावध. मिनिटभराच्या उसळीकडे लक्ष देऊ नका. बॅकअप २६ तासांपेक्षा जुना झाला की सावध. २४ ठेवलंत तर बॅकअपला दहा मिनिटं उशीर झाला तरी रोज इशारा येईल आणि आठवड्यात सगळे तो न वाचता पुसायला लागतील.

इशारा दोघांना जाऊ द्या: एक तुम्ही, दुसरा मशीनजवळ राहणारा कुणीतरी, ज्याला जाऊन बटण दाबता येईल.

प्रोमीथियस, नेटडेटा, अपटाइम कुमा ही तयार साधनं आहेतच. प्रोमीथियसचा नोड एक्स्पोर्टर ९१०० पोर्टवर शेकडो आकडे देतो. दहा-बारा मशीन झाल्या की तिकडं वळा. एकदोन मशीनसाठी शंभर ओळींच्या आतला आपला एपीआय पुरेसा आहे, आणि तो कुठं तुटला तर तुम्हाला उलगडता येतो.

चाचणी

ही ऑफिस सुटल्यावर, शाखांना आधी सांगून करा. डेटाबेस थांबवा: ‘स्टेटस’कडून ५०३ आणि कर्लकडून २२ आलं पाहिजे, ‘हेल्थ’ मात्र २०० देत राहायला हवा. डेटाबेस चालू करून एन्जिनएक्स थांबवा: ७. तेही चालू करून राउटरचा प्लग काढा: २८, आणि तीन मिनिटांनी फोनवर इशारा. ‘एफअ‍ॅलोकेट’ आज्ञेनं एक मोठी रिकामी फाईल बनवून डिस्क ८० टक्क्यांच्या वर न्या, ‘सावध’ दिसतं का बघा आणि ती फाईल लगेच पुसा. शेवटी यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि ‘वीज’ ओळ बदलायला किती वेळ लागतो, बॅटरी प्रत्यक्षात किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून टिपून ठेवा. डब्यावर छापलेल्या मिनिटांपेक्षा तो आकडा बहुधा कमी भरतो, आणि मशीन किती टक्क्यांवर आपोआप बंद करायची ते त्याच आकड्यावरून ठरवा.